बाहेर बसा म्हणणाऱ्या डॉक्टरअक्का

तुमच्या बायकोला, मुलीला किंवा सुनेला डॉक्टर काही विचारतात, तेव्हा उत्तर कोण देतं?

घाई नको, नीट आठवून पाहा. ‘पोट साफ होतं का?’ या प्रश्नावर ‘होतं होतं, सकाळी चहा झाला की लगेच’ असं कोण म्हणालं होतं? तिची पाळी कधी चुकली हे बोटांवर मोजून कोणी सांगितलं होतं? तुम्हीच ना? तुमच्या प्रेमाबद्दल मला शंका नाही. दुसऱ्याच्या आतड्यांची इतकी बारीक खबर ठेवणारं प्रेम जगात विरळाच. फक्त अशा प्रेमळ माणसांना बेंगळुरूच्या चामराजपेटेतल्या एका दवाखान्यातून रोज बाहेर काढलं जायचं, आणि मला लिहायचंय ते त्या काढणाऱ्या बाईंबद्दल.

डॉ. इंदुमती पट्टणकुडे. मूळच्या निपाणीकडच्या, आयुष्य मात्र चामराजपेटेत त्वचारोगांवर उपचार करण्यात गेलं. पेशंट कानडी असो, मराठी असो की उर्दू बोलणारा, त्यांना सगळे डॉक्टरअक्काच म्हणत. आखूड पांढरे केस, इस्त्रीची सुती साडी आणि खाली कॅनव्हासचे बूट. टेबलावरचा पंखा कायम पेशंटच्या दिशेला. लग्न केलं नव्हतं. का, असं मी एकदा विचारलं, तर म्हणाल्या, “कुणी बाहेर बसायला तयार नव्हता.”

तपासणीच्या खोलीत बसायच्या दोनच जागा होत्या, एक त्यांची खुर्ची आणि एक पेशंटचं स्टूल. तिसरा आत आला की त्याला उभं राहावं लागे. मग अक्का पेशंटला सोडून आधी त्यालाच विचारत, “तुम्हाला काय होतंय?” काही होत नाही म्हटलं की, “मग बाहेर बसा.” कानडी माणसाला “होरगे कुत्कोळ्ळी.” हिंदीतही सांगत, पण निपाणीच्या हिंदीत, त्यामुळे ते जास्तच धारदार लागे. एकदा एक नवरा हलेना. मोठ्या प्रेमाने म्हणाला, डॉक्टर, आम्हा दोघांत काही गुपित नाही. अक्का म्हणाल्या, “तुमच्यात नसंल. तिच्यात असू दे की स्वल्प.” तो बाहेर येऊन बाकावर बसला आणि इतरांना सांगू लागला की बाई जरा विक्षिप्तच आहे. बाकावरच्या इतरांनी माना डोलावल्या. त्यांनाही नुकतंच बाहेर काढलेलं होतं.

मी त्यांच्या दवाखान्याच्या वरच्या खोलीत भाड्याने राहत होते. साताऱ्याहून नोकरीसाठी आलेली, आणि माझं बालपण पत्रकांवर पोसलेलं. आमच्याकडे बाबा सायकलवरून अंधश्रद्धेविरुद्ध पत्रकं वाटत, आई त्यांची भाषा तपासत असे, आणि उरलेल्या पत्रकांत आम्ही शाळेचे डबे गुंडाळून नेत असू. त्यामुळे अन्याय दिसला की माझा हात आपोआप कागदाकडे जातो. अक्कांना हे पहिल्या आठवड्यातच कळलं. मी जिना उतरले की त्या विचारत, “आज कुणाचा निषेध?”

निषेधाची पहिली संधी त्यांच्याच दारावर होती. दवाखान्याच्या जुन्या पाटीवर कानडीत ‘चर्म व गुप्तरोग तज्ज्ञ’ लिहिलेलं होतं. ‘गुप्त’ हा शब्द अक्कांनी रंग देऊन पुसून घेतला होता. रंगाऱ्याने पुसला, पण जागा तशीच सोडली. परिणामी पाटीवर एक पांढरा डाग होता आणि येणारा-जाणारा प्रत्येक जण त्या डागात नेमका तोच शब्द वाचत होता. पाटी नवी करा असा माझा आग्रह होता. अक्का म्हणायच्या, राहू दे. “रोग गुप्त नसतोय गं. त्याला अंगावर यायला लाज नाही. गुप्त राहताय ते तुम्ही.”

आता रोगाबद्दल. नाव हर्पिस. आवाज खाली करू नका, छापील शब्द कोणाला ऐकू जात नाही. या कुटुंबातले दोन विषाणू आपल्याकडे चांगले माहितीचे आहेत. एक कांजिण्यांचा. कांजिण्या बऱ्या झाल्या तरी तो मज्जातंतूंत दडून बसतो आणि म्हातारपणी किंवा अशक्तपणात अंगाच्या एका बाजूने पट्ट्यासारखा उठतो. त्याला आपण नागीण म्हणतो, कानडीत सर्पसुत्तु. नागीण प्रतिष्ठित आहे. तिच्यासाठी नवस आहेत, लाल काव, म्हणजे गेरू, उगाळून लावणारी माणसं आहेत, ‘तोंड आणि शेपूट जुळलं की माणूस जातो’ अशी भयकथा आहे. (अक्का सांगत, ती शरीराची मधली रेषा सहसा ओलांडत नाही, तुमच्यापेक्षा शिस्तीची आहे.) नागीण झालेल्या माणसाला भेटायला लोक शहाळी घेऊन येतात.

दुसरा साधा हर्पिस. तो ओठांवर येतो, किंवा कमरेच्या खाली, जिथे येतो तिथलं नाव आपण घेत नाही. त्यालाही मज्जातंतूंत दडून राहायची खोड. दोघांवरची औषधंही एकाच घरातली: असायक्लोव्हिर, व्हॅलासायक्लोव्हिर. डोस वेगळा, दिवस वेगळे, पण पाकीट तेच. फरक एवढाच, की नागिणीसाठी दुकानदार ते पाकीट उघड्या हाताने देतो आणि दुसऱ्यासाठी वर्तमानपत्रात बांधून. विज्ञानाला अजून न सापडलेला हा फरक आपल्या समाजाला जन्मतः कळतो.

सुप्रियाला मीच अक्कांकडे नेलं. तिचं नाव सुप्रिया नाही. तिने मला हे लिहायची परवानगी दिली ती नाव बदलायच्या अटीवर, आणि सासूबाईंचंही बदल म्हणाली. ती नागपूरची, माझ्याच ऑफिसातली. एका सकाळी तिला ताप होता आणि धड बसता येत नव्हतं. त्याआधी ती औषधांच्या दुकानात गेली होती. तिथल्या गृहस्थाने न बघता, न विचारता एक मलम दिलं, ज्यात खाज, बुरशी, सूज, सगळ्यांवरचं थोडंथोडं होतं आणि तिच्या रोगावरचं काहीही नव्हतं. मलमाने आग आणखी वाढली.

मी तिच्यासोबत आत गेले. अक्कांनी माझ्याकडे पाहिलं. मला काय होतंय याचं उत्तर माझ्याजवळ नव्हतं, मी बाहेर बसले.

आत काय झालं ते सुप्रियाने नंतर सांगितलं. अक्कांनी तपासून पहिल्या वाक्यात रोगाचं नाव घेतलं, सर्दीचं घ्यावं तसं. सांगितलं की गोळ्या आज सुरू कर, जितक्या लवकर तितका त्रास कमी. वरून लावायच्या मलमाने फारसं काही होत नाही, पैसे वाचव. फोड आठवड्या-दोन आठवड्यांत जातील. विषाणू जाणार नाही, तो तुझ्याबरोबर म्हातारा होईल. पुढे कधी आतून मुंग्या आल्यासारखं वाटलं तर फोडाची वाट न बघता गोळी घ्यायची. फारच वारंवार व्हायला लागलं तर रोज एक घ्यायची, लोक वर्षानुवर्षं घेतात, काही बिघडत नाही. अंगावर काही दिसत नसतानाही तो दुसऱ्याला जाऊ शकतो, म्हणून ज्याच्याशी संबंध येईल त्याला आधी सांगायचं आणि निरोध वापरायचा. त्याने धोका घटतो, संपत नाही.

सुप्रियाने रडत विचारलं, हा मला दिला कोणी? अक्कांनी तिला रुमाल दिला. म्हणाल्या, देणाऱ्यालाही बहुतेक ठाऊक नसेल, पत्ता शोधण्यात जिंदगी घालवू नको. मग छताकडे बोट दाखवलं. “वर माझी एक भाडेकरू हाय बघ. जात नाही, भाडं वेळेवर देत नाही, अधूनमधून गोंधळ घालती. पण मी घर विकलो का? विषाणूचंही तसंच समजायचं.”

(निपाणीकडे बायका स्वतःबद्दल ‘मी आलो, मी गेलो’ असंच बोलतात. आणि भाडं मी वेळेवर देत होते.)

यावर मी काय केलं असेल ते तुम्ही ओळखलंच असेल. पत्रक लिहिलं. अक्कांच्या बाकावर ठेवण्यासाठी हर्पिसवर मराठीत एक घणाघाती पत्रक, सुरुवात अशी: ‘बंधू-भगिनींनो, जागे व्हा!’ अक्कांनी चष्मा लावून ते वाचलं आणि म्हणाल्या, जागं कशाला करतीस, माझी सगळी मेहनत विषाणू झोपून राहावा म्हणून चालू आहे. मग पेन घेऊन त्यांनी कापाकापी केली. समाजाचं ढोंग गेलं, पुरुषसत्ता गेली, औषध कंपन्यांचा नफाही गेला. चार वाक्यं उरली: हा रोग खूप जणांना असतो. लवकर गोळी घ्या. जोडीदाराला सांगा. गरोदर राहिलात तर प्रसूतीच्या डॉक्टरला सांगा. मी म्हटलं, यात आग कुठे आहे? त्या म्हणाल्या, आग पेशंटला आधीच होतीय.

ते चौथं वाक्य लक्षात ठेवा.

सुप्रियाचं लग्न ठरलं तेव्हा ती अक्कांना भेटायला आली. होणाऱ्या नवऱ्याला तिने सगळं सांगितलं होतं. तो मुलगा बरा निघाला. त्याने इंटरनेटवर वाचलं, दोन दिवस घेतले आणि मग म्हणाला, ठीक आहे. पण लगेच दुसरं वाक्य म्हणाला, जे आपल्याकडचा प्रत्येक बरा मुलगा म्हणतो: आईला काय सांगायचं? गोळ्यांचं पाकीट घरात दिसणारच होतं. आणि त्याच्या आईच्या नजरेतून पाकीट काय, पाकिटावरची तारीखही सुटत नसे.

तेव्हा अक्का म्हणाल्या, सांग नागीण म्हणून. पाकीट तेच, गोळी तीच. कुणाचं काय जातंय?

मी विरोध केला. जिन्यातच उभी राहून केला. म्हटलं, तुम्हीच पाटीवरचा ‘गुप्त’ पुसलात, आणि आता दुसरा बुरखा शिवून देताय? अक्का म्हणाल्या, त्या पोरीला दोन वर्षं शांतपणे नांदू दे, मग तुझी क्रांती कर. मी म्हटलं, ढोंग ते ढोंग. त्या म्हणाल्या, “सरी, असू दे. वरचा पंखा बंद करून आलीस का?”

सासूबाई म्हणजे प्रभाताई. पुण्याच्या. बँकेत अधिकारी होत्या, निवृत्त झाल्यावर मुलाजवळ राहायला म्हणून विमानतळाजवळ देवनहळ्ळीच्या एका नव्या वसाहतीत घर घेतलं, जिथे विमानं इतकी खालून जातात की दर थोड्या वेळाने बोलणं थांबवावं लागतं. प्रभाताई मात्र थांबत नसत. बाई शिकलेल्या, चार जणींत उठबस असलेल्या, रोज सकाळी फोनवर आरोग्याचे दहा संदेश पुढे ढकलणाऱ्या. सुनेला नागीण झाली होती हे कळताच त्यांनी कपाटातून काव काढली. पुण्याहून येताना आणली होती. लागते, म्हणाल्या.

कुठे आहे, दाखव बघू.

सुप्रियाने क्षणभर विचार केला आणि कमरेची डावी बाजू दाखवली. तिथे काहीही नव्हतं. निरोगी, स्वच्छ कातडी. प्रभाताई म्हणाल्या, आत दबली आहे, आणि त्या कातडीवर त्यांनी प्रेमाने लाल लेप चढवला. दुसऱ्या दिवशी धुऊन पाहिलं तर कातडी निरोगी आणि स्वच्छ. मग काय विचारता! एका रात्रीत नागीण साफ. सगळ्या नातेवाइकांना संदेश गेला. पाकीट कपाटाच्या मागे गेलं आणि काव देवघरात आली. इतकं निर्विवाद यश विज्ञानाला क्वचितच मिळतं, कारण विज्ञानाला आधी रोग लागतो.

आम्ही यावर पोट धरून हसलो. अक्काही हसल्या. पुढे सुप्रियाला दिवस गेले आणि हसण्याचं कारण उरलं नाही.

तिने अक्कांना फोन केला तेव्हा आठवा महिना सरत आला होता. देवनहळ्ळीजवळच्याच एका प्रसूतिगृहात तिचं नाव घातलं होतं. दर तपासणीला प्रभाताई सोबत, खुर्ची ओढून तिच्याशेजारी. प्रसूतीच्या डॉक्टरने पहिल्याच भेटीत विचारलं होतं, पूर्वीचा काही आजार? सुप्रियाने तोंड उघडलं आणि आवाज प्रभाताईंचा आला: “नागीण झाली होती. डाव्या कमरेवर. तोंड-शेपूट जुळलं नाही, नशीब. आता साफ बरी आहे.” डॉक्टरने तेच लिहून घेतलं. त्यानंतर सुप्रियाने कपाटामागचं पाकीट काढलं, तर ते गायब. गरोदरपणात असली कडक औषधं नकोत, असा सासूबाईंचा निर्णय. आणि आता गेले काही दिवस तिला आतून मुंग्या येत होत्या. तिने नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, तू आईसमोर काही बोलू नकोस, मी बघतो. तो आठवडाभर बघत होता.

अक्कांनी फोन ठेवला आणि मला पहिल्यांदाच स्वतःहून खोलीत बसवून घेतलं. पेशंटच्या स्टुलावर. सुप्रियाने मला सगळं सांगायची मोकळीक दिली होती. म्हणाल्या, जुना हर्पिस असेल तर बाळाला धोका कमी असतो, पण नाहीच असं नाही. कळा सुरू असताना फोड असले आणि बाळ त्यातून बाहेर आलं तर ते त्याला होऊ शकतं, आणि नवजात बाळाला झालं तर मेंदूपर्यंत जातं. टाळायचा उपाय साधा आहे. शेवटच्या महिन्यात रोज गोळी, आणि कळा आल्यावर नीट तपासणी. फोड दिसले तर सिझेरियन. ही गोळी गरोदरपणात चालते. “सगळं सोपं हाय. फक्त बाळंतपण करणाऱ्या डॉक्टरला ठाऊक पाहिजे.”

मग तुम्ही फोन करा, मी म्हटलं. एक डॉक्टर दुसऱ्या डॉक्टरला.

तिने परवानगी दिली तर आत्ता करतो, अक्का म्हणाल्या. पण ती नको म्हणाली होती. तिच्या डोक्यात बसलं होतं की डॉक्टरला कळलं की पुढच्या भेटीत ते सासूबाईंसमोर निघणार. मी म्हटलं, मग आपणच जाऊन प्रभाताईंना तोंडावर सांगू! अक्का म्हणाल्या, तिच्या अंगाची बातमी फोडणारी तू कोण? तुझ्यात आणि त्या सासूत फरक सांग एक.

एक फरक आता सांगता येतो: माझं मराठी त्यांच्यापेक्षा बरं आहे.

रविवारी आम्ही दोघी बसने देवनहळ्ळीला निघालो. अक्कांच्या मांडीवर कुंद्याचा डबा होता, बेळगावहून मागवलेला, कारण पोटुशीला गोड घेऊन जाणाऱ्या बाईला कोणी दारात अडवत नाही. शेतं संपून आखलेले प्लॉट सुरू झाले तेव्हा खिडकीतून बघत म्हणाल्या, “नागीण म्हण असं मीच म्हटलो होतो. माझीच नागीण माझ्या पायात आली बघ.” मला बरंच काही बोलता आलं असतं.

प्रभाताईंनी आमचं उत्तम स्वागत केलं. सुप्रिया सोफ्यावर होती, चेहरा उतरलेला. प्रभाताई तिच्या आणि आमच्या मधे बसल्या. अक्कांनी विचारलं, कशी आहेस? प्रभाताई म्हणाल्या, छान आहे. झोप लागते का? लागते. पाय सुजतात का? नाही हो. सुप्रियाने सबंध वेळात फक्त पाण्याचा ग्लास उचलला, तोही प्रभाताईंनी हातातून घेऊन अर्धा केला, एकदम पिऊ नये म्हणून.

अक्का तिला खोलीत तपासते म्हणाल्या. या की, प्रभाताई म्हणाल्या आणि तिघींच्या आधी खोलीत जाऊन पलंगावर बसल्या.

“बाहेर बसता का जरा?”

“अहो, मला काय लपवायचं आहे तिच्यापासून?” प्रभाताई हसल्या. “लेकीसारखीच आहे.”

आयुष्यभर चाललेलं ते वाक्य पहिल्यांदाच वाया गेलेलं मी पाहिलं. अक्का खाली बघत उभ्या राहिल्या. वरून एक विमान गेलं. ते गेल्यावर त्यांनी अगदी गंभीर आवाजात विचारलं, “प्रभाताई, घरात काव हाय?”

प्रभाताईंचे डोळे चमकले. आहे म्हणजे? देवघरात आहे.

“तर मग असं करा. ताजी उगाळायची. सहाणेवर, थेंबथेंब पाणी घालत, एकाच दिशेनं. उगाळताना बोलायचं नाही, मधे उठायचं नाही. मध्येच सोडलं की गुण जातो. आणि एकटीनं नाही, दोघी लागतात. एकीनं पाणी घालायचं.” त्यांनी माझ्याकडे बोट केलं. “हिला घ्या. हिच्या हाताला गुण हाय.”

मी अक्कांकडे पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावरची रेषा हलली नाही.

तर वाचकहो, अंधश्रद्धेविरुद्धच्या पत्रकांत गुंडाळलेल्या डब्यांवर वाढलेली मी, देवनहळ्ळीतल्या त्या घराच्या मागच्या अंगणात मांडी घालून बसले आणि चमच्याने थेंबथेंब पाणी घालत राहिले. समोर बँकेतल्या निवृत्त अधिकारी तल्लीन होऊन काव उगाळत होत्या. तोंड घट्ट मिटलेलं. त्या घरात इतकी शांतता बहुतेक वास्तुशांतीलाही झाली नसेल. लेप दाट व्हायला लागला की मी थोडं जास्त पाणी घालायची. प्रभाताई डोळ्यांनी दटावायच्या, पण नियम नियम असतो, बोलता येत नव्हतं.

बंद दाराआड काय चाललं होतं ते सुप्रियाने नंतर सांगितलं. अक्कांनी तिला तपासलं. फोड अजून नव्हते. पर्समधून गोळ्या काढून पहिली तिथेच घ्यायला लावली. मग म्हणाल्या, आता प्रसूतीच्या डॉक्टरला फोन कर. सुप्रिया म्हणाली, अक्का, मला लाज वाटते, तुम्हीच सांगा ना. अक्कांनी नकार दिला. म्हणाल्या, मी एकदा सांगेन, पण कळा येतील तेव्हा मी तिथे नसणार. तेव्हा तुझंच तोंड उपयोगी पडणार आहे, त्याला आजच सवय लाव.

“लाज जायची वाट बघू नको,” त्या म्हणाल्या. “ती काय जात नसती. लाजत लाजत सांग. पण सांग.”

सुप्रियाने फोन लावला. पहिल्यांदा ‘ते, म्हणजे, पूर्वी मला’ एवढंच म्हणून थांबली. अक्का खिडकीकडे तोंड करून उभ्या राहिल्या. मग तिने सांगितलं. नाव घेऊन. नागीण नव्हती, दुसरा हर्पिस होता, आणि पुढच्या भेटीत मला तुमच्याशी एकटीने बोलायचंय. पलीकडची डॉक्टरीण एवढंच म्हणाली, बरं झालं सांगितलंत, गोळी चालू ठेवा, उद्या या, सासूबाईंना मी बाहेर बसवते. सुप्रिया म्हणते, इतकी वर्षं जिची भीती वाटत होती ती गोष्ट एवढ्यात संपली म्हणून तिला रागच आला.

दार उघडलं तेव्हा वाटीत काव तयार होती. आता ती लावायची कुठे? प्रभाताई वाटी घेऊन सुनेकडे निघाल्या. अक्कांनी वाटेतच वाटी घेतली आणि म्हणाल्या, जिनं उगाळली तिलाच लावायची. मग नागीण घरात पुन्हा शिरत नाही. त्यांनी प्रभाताईंच्या दोन्ही मनगटांवर लाल पट्टे ओढले, अगदी गंभीरपणे, आणि उरलेली काव माझ्या कपाळाला लावली.

परतीच्या बसमध्ये मी त्यांना सोडलं नाही. म्हटलं, अक्का, आज तुम्ही डॉक्टर असून अंधश्रद्धा पसरवलीत. त्या रुमालाने बोटं पुसत होत्या, रंग निघत नव्हता. म्हणाल्या, “मी पेशंटला काव लावलो का? मी एका बाईला बाहेर बसवलो. ती नुसतं सांगून बसत नव्हती.” मी म्हटलं, पण तिचा कावेवरचा विश्वास दुप्पट झाला त्याचं काय? त्या म्हणाल्या, “ते मात्र खरं हाय. त्याचं पत्रक तू काढ.”

काढलं. ‘काव लावा, पण भिंतीला.’ माझं मत बदललेलं नाही.

सुप्रियाने शेवटपर्यंत रोज गोळी घेतली. कळा सुरू झाल्यावर डॉक्टरने नीट तपासलं, फोड नव्हते. मुलगी झाली, सुखरूप, भरपूर आवाजाची. प्रभाताईंनी सगळ्या नातेवाइकांना संदेश पाठवला आणि श्रेय कावेला दिलं. सुप्रियाने एक दिवस त्यांना खरं सांगितलं की नाही, ते मी इथे लिहिणार नाही. ती तिच्या अंगाची बातमी आहे.

अक्कांना मी शेवटचं पाहिलं ते बसवनगुडीतल्या एका इस्पितळात. दवाखाना बंद करून त्या निपाणीला जायच्या तयारीत होत्या आणि मधेच दम लागायला लागला. भाचा आला होता, भला माणूस, आत्यावर जीव असलेला. तपासायला एक तरुण डॉक्टर आला. पलंगावर अक्का बसल्या होत्या, लहान दिसत होत्या, पायात कॅनव्हासचे बूट नव्हते. डॉक्टरने विचारलं, अज्जी, छातीत दुखतं का? भाचा म्हणाला, दुखत नाही, दम लागतो. रात्री उठावं लागतं का? दोनदा, भाचा म्हणाला. जेवण? मी म्हटलं, कमी झालंय.

हो, मी.

अक्कांनी आम्हा दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. दम घेतला.

“तुम्हाला काय होतंय?”

मला काही नाही, भाचा म्हणाला.

“मग बाहेर बसा.”

भाच्याला वाटलं त्या भ्रमात बोलत आहेत. तो जागचा हलला नाही. मी त्याचा हात धरला आणि त्याला दारापर्यंत नेलं. मागे वळून पाहिलं तेव्हा अक्का त्या तरुण डॉक्टरला पलंगाजवळचं स्टूल दाखवत होत्या, की बस. उशाजवळचा पंखा त्यांनी हाताने त्याच्याकडे वळवला होता. मग दार लागलं. त्यांनी आत काय सांगितलं ते मला ठाऊक नाही, आणि ठाऊक असायचं कारणही नाही. त्या तिथून घरी आल्या नाहीत.

आता तुमच्याकडे मागणं. मोर्चा नको, वर्गणी नको, हे पान कोणाला पुढेही पाठवू नका. पुढच्या वेळी तुम्ही कोणाला घेऊन डॉक्टरकडे जाल, सुनेला, मुलीला, नवऱ्याला, म्हाताऱ्या आत्याला, तेव्हा डॉक्टर पहिला प्रश्न विचारेल. उत्तर तुम्हाला येत असेल. ते गिळा, उठा, बाहेर जाऊन बसा, आणि जाताना दार ओढून घ्या.